भिंतीवर न आलेली ओळ

मुलीकडे जर्सीला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. ती ऑफिसला गेली की दिवस खायला उठायचा, म्हणून एकदा ट्रेनने मॅनहॅटन गाठलं आणि चालत चालत फर्स्ट ॲव्हेन्यूवर आलो. समोर संयुक्त राष्ट्रसंघाची ती काचेची उभी आगपेटी आणि रांगेने झेंडे. रस्त्याच्या अलीकडे राल्फ बंच यांच्या नावाची चिमुकली बाग, तिच्या मागे दगडी भिंत, भिंतीला बिलगून वर जाणारा गोलसर जिना. भिंतीवर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत कोरलंय: ते आपल्या तलवारी ठोकून नांगराचे फाळ करतील, भाल्यांच्या कोयत्या करतील, एक राष्ट्र दुसऱ्यावर तलवार उचलणार नाही, आणि यापुढे ते लढाई शिकणार नाहीत. खाली एकच शब्द: यशाया. बायबलमधला एक संदेष्टा. हे नावसुद्धा १९७५ साली घातलं. तोवर ओळ निनावीच उभी होती.

पायरीवर बसून डबा उघडला आणि मोबाइलवर मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं. (मी ख्रिस्ती नाही, यहुदीही नाही. ही सवय कुठून लागली ते पुढे येईलच.) यशाया, अध्याय दुसरा, ओळ चौथी. वाचली आणि थालीपिठाचा घास हातातच राहिला. भिंतीवरची ओळ मधूनच सुरू होते! मूळ ओळीचा पहिला भाग असा आहे: तो राष्ट्राराष्ट्रांमध्ये न्याय करील, पुष्कळ लोकांचे तंटे तोडील. 'तो' म्हणजे देव. हा निवाडा झाला की मग 'ते' लोक तलवारी भट्टीत घालतात. भिंतीवर नेमका निवाडा गळलाय.

जागा पुरली नसेल म्हणावं, तर भिंत चांगली ऐसपैस आहे.

आमच्या गावाच्या वेशीवर 'तंटामुक्त गाव' अशी पाटी आहे. सरकारी मोहिमेतली, पिवळ्यावर काळी अक्षरं. पाटी लागली त्या वर्षी बँड वाजला होता. बांधाबांधांवरच्या केसेस मात्र तालुक्याच्या कोर्टात होत्या तिथेच आहेत. त्यातल्या एका केसच्या तारखांना मी स्वतः जातो. न्यूयॉर्कच्या त्या पायरीवर मला पहिल्यांदा आठवली ती आमची पाटी.

ही केस माझी नाही, मावशींची आहे. आमच्या मागच्या पडवीत आढ्याला खोचलेली एक कोयती आहे, तीही त्यांचीच. मावशी म्हणजे शेजारच्या. अलिबागकडचं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांचं, घर. गावातली जुनी माणसं त्यांना 'शनवार तेली' म्हणायची, कारण पिढीजात धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात बायका, सात पुरुष वाचले, तिथून आपण, असं ते सांगत. बाकी आडनाव गावाचं, लुगडं नऊवारी, भांडण मराठीतून. त्यांच्याकडे नवस फेडायचा असला, लग्न ठरलं, कोणी लांबच्या प्रवासाला निघालं की मलिदा व्हायचा. गोड केलेले पोहे, वर ओलं खोबरं, भोवती फळं, आणि सगळे मिळून 'एलियाहू हन्नबी' म्हणायचे. एलियाहू म्हणजे अग्निरथातून जिवंत स्वर्गात गेलेला संदेष्टा. त्याच्या रथाची खूण अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर उमटलीय, असं मावशी शपथेवर सांगायच्या. लहानपणी माझ्यासाठी 'नबी' म्हणजे ज्याच्यामुळे आपल्याला पोहे मिळतात तो. पुढे कॉलेजात कुतूहल म्हणून त्या नबींची पुस्तकं वाचायला घेतली आणि अजून वाचतोच आहे.

१९७१ साली मावशी, काका आणि दोन मुलं इस्राएलला गेली. वाडीची कागदपत्रं वडिलांच्या हवाली केली आणि ही कोयती आईच्या हातात दिली. विमानात कोयती नेऊ देत नाहीत, हे काकांना कोणीतरी आदल्या दिवशी सांगितलं होतं म्हणे.

दरवर्षी पावसाळ्याआधी मी ती लोहाराकडे पाजवायला नेतो. एकदा त्याने ती नखाने वाजवून पाहिली आणि म्हणाला, "काका, हे पाट्याचं पोलाद आहे. ट्रकच्या कमानीचं. असं आता मिळत नाही." मग भाता चालवला. कोळसे फुलले, कडा लाल झाली. ऐरणीवर घेऊन त्याने चारच ठोके दिले, मोजून चार, आणि परत विस्तवात. पुन्हा चार. घाई नाही. शेवटी पाण्यात बुडवली तेव्हा चर्र झालं आणि शेडभर वाफ. मराठी शास्त्रात यशायाच्या त्या ओळीत 'तलवारी मोडून' असे शब्द आहेत. लोखंड मोडून काही होत नाही, हे त्या शेडमध्ये उभं राहिलं की कळतं. हिब्रूतला शब्द 'कित्तेतू', म्हणजे ठेचणं, ठोकणं. मात्र 'फाळ' हा शब्द मराठीने अचूक पकडलाय. त्या मुलुखातला नांगर आपल्या जुन्या नांगरासारखाच लाकडी, फक्त टोकाला लोखंड. तलवारीएवढ्या लोखंडात एक फाळ व्हायला हरकत नाही. कवीने हिशेब करूनच लिहिलंय.

लोहाराचं महत्त्व त्या लोकांना वेगळं सांगायला नको होतं. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात एक मजकूर आहे, राजा शौलाच्या काळातला. पलिष्ट्यांचं राज्य भारी होतं आणि त्यांनी इस्राएलात एकही लोहार राहू दिला नव्हता, कारण लोहार असला तर तलवारी घडवील. मग प्रत्येक शेतकऱ्याला आपला फाळ, कुदळ, कुऱ्हाड पाजवायला शत्रूच्याच गावी उतरून जावं लागे. दर होता एक 'पीम'. या शब्दाचा अर्थ शेकडो वर्षं कोणालाच लागत नव्हता. इंग्रजीच्या जुन्या भाषांतरकारांनी तिथे 'कानस' असं ठोकून दिलं. पुढे उत्खननात छोटी गोलसर दगडी वजनं सापडली, वर अक्षरं कोरलेली: पीम. साधारण पावणेआठ ग्रॅमचं, म्हणजे शेकेल या त्यांच्या वजनाच्या दोन तृतीयांश. एवढी चांदी मोजायची आणि आपलाच फाळ शत्रूकडून धार लावून आणायचा. तलवार आणि फाळ एकाच ऐरणीवर घडतात, तेव्हा ऐरण कोणाच्या ताब्यात आहे ते बघा, हे यशायाच्या कितीतरी आधी पलिष्ट्यांना उमगलं होतं.

यशायाचं नाव घेतलं की लोकांना कबुतरं आठवतात. तो माणूस मात्र उभा जन्म युद्धाच्या छायेत वावरला. इसवी सनापूर्वी ७३४ च्या सुमारास उत्तरेकडचे दोन राजे एक होऊन यरुशलेमवर चालून आले, तेव्हा आहाज राजा बहुधा शहराच्या पाण्याची सोय बघायला बाहेर पडला होता. यशायाने त्याला गाठलं ते 'परटाच्या शेताच्या' वाटेवर, वरच्या तलावाच्या पाटाशी. म्हणजे धोबीघाटच म्हणा. बरोबर स्वतःचा छोटा मुलगा, त्याचं नाव 'उरलेले परत येतील'. (पोराने शाळेत काय सोसलं असेल!) यशाया राजाला म्हणाला, शांत राहा, घाबरू नकोस, हे दोघे म्हणजे धुमसणारी दोन थोटकं आहेत. आहाजने ऐकलं नाही. त्याने अश्शूरच्या (असीरियाच्या) सम्राटाला सोनं-चांदी पाठवून मदतीला बोलावलं. सम्राट आला. तो आला आणि मग गेलाच नाही.

तीसेक वर्षांनी, इसवी सनापूर्वी ७०१ साली, अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदात, म्हणजे यरुशलेमच्या राज्यात, घुसला. त्याचा सरदार रब्शाके उभा राहिला तो नेमका त्याच जागी, परटाच्या शेताच्या वाटेवर. तटावर शहरातली माणसं गोळा झालेली. राजाचे कारभारी त्याला हळूच विनवतात, महाराज, अरामी भाषेत बोला, आम्हाला कळते, यांच्या भाषेत नको. तो मुद्दाम आवाज चढवून हिब्रूत ओरडतो, मी काय तुमच्या राजाशी बोलायला आलोय? या तटावरच्या लोकांना तुमच्याबरोबर स्वतःची विष्ठा खायची पाळी येणार आहे, त्यांना ऐकू दे की! वेढा म्हणजे काय, हे इतक्या उघड्या शब्दांत सांगणारा दुसरा जुना मजकूर मी वाचलेला नाही.

यरुशलेम वाचलं. बाकीचं नाही वाचलं. सन्हेरीब स्वतःच्या लेखात फुशारकी मारतो की ४६ तटबंदीची शहरं घेतली आणि यरुशलेमचा राजा हिज्कीया याला पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडला. त्यातलं लाखीश शहर कसं पडलं ते त्याने निनवेच्या राजवाड्यात दगडावर कोरून घेतलं. ती शिल्पं आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तटाला लावलेला मातीचा उतार, वरून पडणारे पलिते, सोलून काढलेली माणसं. आणि खालच्या पट्टीत बैलगाडी. बोचकी लादलेली, त्यांवर बायामुलं बसलेली, पुढे बाप चालतोय. बैलांच्या बरगड्यासुद्धा कारागिराने मोजून काढल्यात. फाळ, कोयती, द्राक्षवेल, अंजीर हे सगळं मागे टाकून निघालेली ही माणसं आहेत.

लाखीशचं नाव घ्यायचं आणखी एक कारण म्हणजे मीखा. फाळ-कोयतीची ओळ दोन संदेष्ट्यांच्या पुस्तकांत जवळजवळ शब्दशः आलीय, यशायाच्या आणि मीखाच्या. मूळ कोणाची यावर विद्वान भांडत आलेत. मला विचाराल तर माझं मत मीखाला, आणि त्याला पुरावा काही नाही, फक्त पक्षपात आहे. यशाया राजधानीतला, राजाला वाटेत अडवण्याएवढी ऊठबस असलेला. मीखा मोरेशेथ या खेड्यातला, लाखीशच्याच पट्ट्यातला. सन्हेरीबाची वाट त्याच्या शेतांवरून जाते. त्याने त्या ओळीपुढे आणखी एक वाक्य घातलंय, जे यशायाकडे नाही: प्रत्येक जण आपल्या द्राक्षवेलीखाली, आपल्या अंजिराखाली बसेल, आणि कोणी कोणाला भेडसावणार नाही.

'आपल्या' या शब्दावर मी दरवेळी थांबतो. कारण दोनच अध्याय आधी मीखा वेगळ्याच माणसांवर तुटून पडलाय. ती अश्शूरची नव्हेत, त्याच्याच देशातली आहेत. रात्री अंथरुणावर पडून बेत करतात आणि उजाडलं की तडीस नेतात, कारण हातात बळ आहे. शेताचा लोभ धरतात आणि ते बळकावतात. घर दिसलं की तेही घेतात. माणसाला त्याच्या वतनासकट नागवतात.

म्हणजे फाळ करून ठेवाल, पण नांगर कुठे घालणार? शेत तर गेलं! ज्याचं शेत गेलंय त्याला तलवारीचा फाळ करा म्हणून सांगणं म्हणजे भुकेल्याला ताट घासायला सांगण्यासारखं आहे. म्हणून ओळीत आधी तंटे तुटतात, बांध ठरतात, कोणाचं काय ते लागतं. त्यानंतर लोहाराचं काम. क्रम उलटा केला की ओळ दिसायला गोड होते आणि कामाची राहत नाही.

उलटी करायची तर लोखंडाची काही ना नसते. योएल नावाच्या संदेष्ट्याने तेच शब्द घेऊन पार फिरवलेत: आपल्या फाळांच्या तलवारी ठोका, कोयत्यांचे भाले करा, दुबळ्यानेही म्हणावं मी वीर आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा छापायची चूक वाटली होती. चूक नाही. मृत समुद्राकाठी कुमरानच्या पहिल्या गुहेत १९४७ साली जी गुंडाळी सापडली, सव्वासात मीटरहून लांब, यशायाचं अख्खं पुस्तक असलेली, तिच्याबरोबर त्याच गुहेतून आणखी एक गुंडाळी निघाली. तिच्यात प्रकाशपुत्र आणि अंधकारपुत्र यांच्या शेवटच्या युद्धाची तयारी आहे, कर्णे कसे फुंकायचे, ढालींची लांबी किती, इथपर्यंत. दोन्ही गुंडाळ्या एकाच माणसाच्या हाताखालून गेल्या असतील, तर त्याला त्यात काही विसंगत वाटलं नसावं.

राष्ट्रसंघाच्या आवारात तलवारीचा फाळ ठोकणाऱ्या माणसाचा ब्राँझचा पुतळा आहे, सोव्हिएत युनियनने १९५९ साली भेट दिलेला, शिल्पकार वुचेतिच. त्याचं नाव 'आपण तलवारींचे फाळ करूया' अशा अर्थाचं. इथे तर न्याय करणाराही गेला, फक्त 'आपण' उरलो. याच वुचेतिचने पुढे व्होल्गोग्राडच्या टेकडीवर मातृभूमीची अवाढव्य मूर्ती उभी केली, १९६७ साली. तिच्या हातात तीसेक मीटरची तलवार आहे. वर उगारलेली.

पण गंमत पुढेच आहे. १९८० नंतर पूर्व जर्मनीत चर्चमधल्या तरुणांनी त्याच पुतळ्याचं चित्र आणि मीखाचं नाव घालून कापडी बिल्ले केले. कागदावर छापायला सरकारी परवानगी लागायची, कापडावर लागत नव्हती, एवढी फट त्यांनी शोधली. सरकार बिथरलं. दोस्त राष्ट्राने जगाला दिलेल्या पुतळ्याचं चित्र शाळकरी पोरांच्या बाह्यांवरून उसवून काढायला लागलं. मग काही पोरं बाहीला पडलेलं भोक तसंच मिरवू लागली. सप्टेंबर १९८३ मध्ये विटेनबर्गला, धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या घराच्या अंगणात, एका लोहाराने रात्री लोकांसमोर खरोखरच तलवार तापवून तिचा फाळ ठोकला. अडीच हजार वर्षांत ओळीत लिहिल्याप्रमाणे कोणी भट्टी पेटवली, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

या सगळ्यांत माझा माणूस मात्र यिर्मया. तो यशायानंतर शंभरेक वर्षांनी झाला. आता अश्शूर गेलं होतं, बाबेल (बॅबिलोन) आलं होतं. त्याचं एक वाक्य: माझ्या लोकांची जखम ते वरवर बरी करतात आणि म्हणतात, शालोम, शालोम, आणि शालोम तर नाहीच. खपली धरलीय, आत पू तसाच, आणि वैद्य म्हणतोय, झालं हो बरं. शालोमचा अर्थ आपण 'शांती' करतो, पण त्याच धातूतून हिब्रूत 'देणं चुकतं करणं' हाही शब्द निघतो. अखंड, भरलेलं, काही बाकी न राहिलेलं. बाकी ठेवून शालोम म्हणणाऱ्यांचा यिर्मयाला संताप यायचा.

एकदा तो गळ्यात लाकडाचं जू अडकवून यरुशलेममध्ये फिरला. म्हणणं एवढंच, की बाबेलच्या राजापुढे मान लववा आणि जिवंत राहा. हनन्या नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याने मंदिरात, भर गर्दीत, ते जू त्याच्या मानेवरून काढून मोडलं आणि जाहीर केलं की दोन वर्षांत बाबेलचं जू असंच मोडेल. टाळ्यांचा कडकडाट झाला असेल. आणि यिर्मया? जू मोडण्याआधीच हे भाकीत ऐकून तो म्हणाला होता, "आमेन. परमेश्वर तसंच करो." जू मोडल्यावर मात्र तो आपल्या वाटेने निघून गेला. ग्रंथात एवढंच आहे, आपल्या वाटेने गेला. वाद नाही, शाप नाही. त्यालाही तेच हवं होतं, फक्त ते होणार नाही हे माहीत होतं. नंतर, केव्हातरी, तो परत येऊन सांगतो: तू लाकडाचं जू मोडलंस, त्याच्या जागी लोखंडाचं येणार.

वेढा पडल्यावर सरदारांनी त्याच्यावर आरोप ठेवला की हा शिपायांचे हात ढिले करतोय, याला लोकांचं शालोम नकोय. म्हणजे तो शब्दही त्याच्यावरच उलटवला. लाखीशच्या उत्खननात १९३५ साली खापरांवर शाईने लिहिलेली लष्करी पत्रं सापडली, त्याच शेवटच्या दिवसांतली. त्यांतल्या एकात अशीच तक्रार आहे, हात ढिले करणाऱ्या शब्दांची. फक्त तिथे बोट सरदारांकडेच आहे. युद्ध चालू असताना 'मनोधैर्य खचवणारे' शोधायचे धंदे त्या काळीही जोरात होते.

यिर्मयाला दोरांनी एका हौदात सोडलं. हौदात पाणी नव्हतं, चिखल होता, आणि तो त्यात रुतला. त्याला बाहेर काढलं एबद-मलेख या कुशी सेवकाने, आफ्रिकेतल्या परक्या माणसाने. राजाची परवानगी घेऊन, माणसं घेऊन तो निघाला, पण हौदाकडे जाण्याआधी राजवाड्याच्या कोठारात गेला आणि जुन्या चिंध्या, विटके कपडे गोळा करून आणले. ते खाली सोडले आणि म्हणाला, हे काखेत धरा, मग त्यावर दोर घ्या, नाहीतर काचेल. शहर पडायला आलंय, भाकरी संपत आलीय, आणि एका माणसाला दुसऱ्याच्या काखा सोलवटतील याची काळजी पडलीय. महायुद्धांच्या बखरीत असलं कोणी लिहून ठेवत नाही. इथे ठेवलंय.

आणि याच वेढ्यात, पहाऱ्याच्या अंगणात कैदेत असताना, या माणसाने जमीन खरेदी केली. चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणाला, अनाथोथचं माझं शेत घे, हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमपासून चालत जाण्यासारखं, म्हणजे तिथे तेव्हा शत्रूच्या राहुट्या. असं शेत कोण विकत घेईल? यिर्मयाने १७ शेकेल चांदी तराजूत तोलून दिली. आजच्या मापाने दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर. साक्षीदार बसवले. खरेदीखत केलं, एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. ती आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन म्हणाला, मातीच्या मडक्यात घाल, पुष्कळ दिवस टिकली पाहिजेत. का, तर या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील. तालुक्याला उतारे काढायला रांगेत उभं राहिल्याशिवाय या प्रसंगाची खरी चव कळत नाही, असं मला वाटतं. शांततेची कल्पना म्हणून त्या माणसाला गाणं सुचलं नाही, खरेदीखत सुचलं.

हा निवाड्याचा धागा पुढे यहुदी शास्त्र्यांनीही सोडला नाही. मिश्नामध्ये, म्हणजे इसवी सन २०० च्या सुमारास एकत्र केलेल्या त्यांच्या विधिग्रंथात, एक प्रश्न आहे: शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, तलवार कमरेला लावून बाहेर पडावं का? रब्बी एलिएझर म्हणतात, चालेल, तो पुरुषाचा दागिना आहे. बाकीचे म्हणतात, दागिना कसला, ती लाज आहे; आणि आधार देतात फाळ-कोयतीच्या ओळीचा. त्याच ग्रंथात दुसऱ्या ठिकाणी आणखी एक प्रश्न येतो. दोघांनी एकाकडे पैसे ठेवले, एकाने शंभर, दुसऱ्याने दोनशे. आता दोघेही म्हणतात दोनशे माझे. पुरावा नाही. निकाल: दोघांना शंभर-शंभर द्या, उरलेले शंभर पडून राहू देत, एलियाहू येईपर्यंत. तो येणार कशाला, यावरही वाद आहे. एक रब्बी म्हणतात, तंटे मिटवायला. ज्ञानी म्हणतात, जगात शालोम करायला. मलिद्याचे पोहे खाताना हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मावशी आता ऐंशीच्या पुढे आहेत. अश्दोदला असतात, समुद्राकाठी, गाझापट्टीपासून तीसेक किलोमीटरवर. मुलगा तिकडे जाऊन आधी हिब्रू शिकला, मग लढाई. आता नातू शिकलाय. आमोस नावाच्या मेंढपाळ संदेष्ट्याने शेजाऱ्यांच्या युद्धातल्या अत्याचारांची यादी केलीय. कोणी सबंध वस्ती उचलून गुलामीत विकली, कोणी सरहद्द वाढवायला गरोदर बायकांची पोटं फाडली. त्या यादीत गाझा आहे, अश्दोदही आहे, आणि वाचत वाचत शेवटाला गेलं की यहूदा आणि इस्राएलही आहेत. मावशींना मी हे कधी बोललो नाही. टीव्हीवर गाझातली मुलं दिसली की त्या चॅनल बदलत नाहीत, आणि बोलतही नाहीत, असं त्यांची सून सांगते.

२०२३ च्या ऑक्टोबरनंतर त्यांचा फोन वाढला. "सायरन झाला की पाऊण मिनिट असतं रे. या गुडघ्यांनी पाऊण मिनिटात काय होतंय? मी आपली खुर्चीच आतल्या खोलीत नेऊन ठेवलीय." आणि मग हमखास विचारणार ते वाडीचं. केस अशी, की शेजारच्या वाडीवाल्याने बांध पाच हात आत सरकवला. त्याचं म्हणणं, तेवढा तुकडा त्याच्या आज्याने तोंडी व्यवहारात घेतला होता, पैसे दिले होते. कागद नाही. मुखत्यारपत्र आधी वडिलांकडे होतं, आता माझ्याकडे. खरं सांगायचं तर त्या शेजाऱ्याचं सगळंच खोटं असावं, असं मला वाटत नाही. पाच हातांत सात पोफळी आणि एक माड येतो.

मागच्या वेळी फोन आला तेव्हा मी न्यूयॉर्कची भिंत, अर्धी ओळ, सगळं भडाभडा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "यशाया होय. इकडे शाळेच्या भिंतीवर पण असतंय ते. तारीख कधीची पडलीय?"

"चौदा जूनची."

"पावसात कशाला जातोस? वकिलाला म्हणावं, पुढची घे." थोडा वेळ मागे कुठेतरी बशी ठेवल्याचा आवाज. "कोयती आहे ना?"

"आहे. गेल्याच आठवड्यात पाजवून आणली."

"तेल लावून ठेव," त्या म्हणाल्या. "खोबरेल नको. करडईचं लाव."